ओठांची अनैच्छिक हालचाल

"ओठ मोकळे सोड. दात दिसू देत. आणि घाई करू नकोस, शब्द पुरता तोंडात येऊ दे, मग सोड."

वन्संनी मला हे शिकवलं त्याला नऊ वर्षं झाली. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. भाऊ गेल्यावर दोन पिशव्या घेऊन आठ दिवसांसाठी आल्या, त्या अजून परत जायच्या आहेत. त्याच सुमारास मी एक नेम धरला होता. उठल्यापासून सकाळी दहापर्यंत बोलायचं नाही. यजमानांच्या आजारपणात मी देवाशी फार भांडले होते, नको ते बोलले होते. आता दिवसाचा पहिला भाग तरी गप्प बसून त्याचं ऐकावं, एवढंच मनात होतं.

वन्संना ते मुळीच पटलं नाही. "म्हणजे रोज दहापर्यंत मी काय कपाटाशी बोलू?" म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या परीनं तोड काढली. एकतीस वर्षं त्या कापडाच्या गिरणीत माग चालवत होत्या. एका छपराखाली ऐंशी माग, ऐंशी धोटे दिवसभर इकडून तिकडे आपटणारे. तिथं कानात ओरडूनही काही पोचत नसे, म्हणून त्या खात्यातल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलत. सासूच्या कागाळ्या, पोरांचे ताप, मुकादमाची नक्कल, सगळं ओठांवर. तेच वन्संनी मला शिकवलं. आवाज निघत नाही म्हणजे मौन मोडत नाही, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. "देवाला फसवतेस, मुके," असं वन्सं म्हणायच्या. मुकी हे त्यांनीच मला ठेवलेलं नाव. मी ओठांनी सांगायची, त्याचं तो बघून घेईल.

पुढं तीनचार वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की दहा वाजून गेले, मी आवाजानं बोलायला लागले, तरी वन्सं माझ्या तोंडाकडेच बघत असतात. गिरणीनं त्यांचे कान हळूहळू केव्हाच नेले होते. आता तर दारात कुणी नाव घेऊन हाका मारल्या तरी पत्ता नसतो. पण हे कुणाला कळू द्यायचं नाही हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्या अखंड बोलत राहतात. समोरच्याला तोंड उघडायला फटच ठेवायची नाही, म्हणजे ऐकायचा प्रश्नच येत नाही. फारच अडलं तर माझ्याकडे बघतात आणि मी ओठांनी सांगते. "माझं हे कुणाला बोललीस तर याद राख," असं त्यांनी मला बजावून ठेवलेलं.

आम्ही दोघी वयस्कांसाठीच्या एका सरकारी इमारतीत राहतो. तिसरा मजला, दोन खोल्या, एक गॅलरी. इतके दिवस सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस पाकिटं आली, माझं एक आणि त्यांचं एक.

वन्संच्या पाकिटात लिहिलं होतं, 'वर्ग: सक्रिय. सध्याच्या निवासात राहण्यास पात्र.' माझ्या पाकिटात लिहिलं होतं, 'वर्ग: विलग होत असलेली व्यक्ती. पुढील महिन्यापासून शांत निवासात स्थलांतर.' शांत निवास शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. बसनं सव्वा तास, त्यात एक बस बदलावी लागते. आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत बारीक अक्षरात होतं, 'प्रश्नांना प्रतिसाद नाही. नजर खाली. हातात माळ. ओठांची अनैच्छिक हालचाल.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं.

मागच्या महिन्यात समाजकल्याण खात्याची एक मुलगी पाहणीला आली होती. साडेआठला आली. मी माळ घेऊन बसलेली, माझं मौन चालू. ती वन्संना प्रश्न विचारायची, मी ते ओठांनी वन्संना सांगायची, आणि वन्सं धडाधड उत्तरं द्यायच्या. अर्धा तास मी दुभाषाचं काम केलं. घसा न वापरताही माझी दमछाक झाली. मग ती माझ्याकडे वळली, तर मी हात जोडले आणि घड्याळातल्या दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिनं ते काय समजून घेतलं देव जाणे. म्हणजे मी जे काम केलं त्याचे गुण वन्संना मिळाले, आणि ते करताना हललेले ओठ माझ्या खाती आजार म्हणून लागले.

"बघू," म्हणून वन्संनी माझा कागद ओढला. वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला, पण बोलल्या मात्र, "जा की. शांत आहे म्हणे. तुला तर तेच हवंय."

मी म्हटलं, "आणि तुमच्याशी कोण बोलणार?"

"माझ्याशी बोलायला कुणी लागतं का? मी एकटी पुरेशी आहे."

त्या दिवशी त्यांनी दोनदा दूध उतू घालवलं आणि दोन्ही वेळा शेगडीला दोष दिला.

खालच्या मजल्यावर इमारतीचं कार्यालय आहे. तिथल्या कारकुनाला मी कागद दाखवला. म्हटलं, यात चूक आहे. मी विलग वगैरे काही होत नाहीये. मी सकाळी बोलत नाही इतकंच.

"का बोलत नाही?"

"नेम आहे माझा."

"कुणी घातलाय?"

"मीच घेतलाय."

"मग मोडा की," तो म्हणाला. अगदी सरळपणे, चप्पल बदला म्हणावं तसं. मग म्हणाला, "आजी, शेरा पाहणी करणाऱ्यानं लिहिलाय. खोडायचा तर त्यांनीच. मंगळवारी अकराला येतात त्या. आणि जरा मोठ्यानं बोला हो, या काचेतून काही ऐकू येत नाही."

मी उभ्या जन्मात मोठ्यानं बोललेली नाही. सत्तावीस वर्षं वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर काढली. तिथं मोठ्यानं बोलणाऱ्याला गप्प करणं हेच माझं काम होतं.

मंगळवारी ती पाहणीवाली भेटली. पोरगी वाईट नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांद्याला ही एवढी जड पिशवी. मी सांगितलेलं तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मला शिकवायला बसली.

"काकू, असं बघा. एक सिद्धांत असा आहे की वय वाढलं की माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो. गाठीभेटी कमी, बोलणं कमी. आणि समाजही त्याला जबाबदाऱ्यांतून मोकळं करतो. यात वाईट काही नाही, दोन्ही बाजूंच्या संमतीनं होतं ते."

"माझी संमती कुणी विचारली?"

"ती गृहीत असते."

"बरं. आणि मी दुपारी वाचनालयातल्या जुन्या मैत्रिणींकडे जाते, तीन मजले उतरून दूध आणते, वन्संचं सगळं बघते, ते?"

तिचा चेहरा खुलला. "हां! तर दुसरा सिद्धांत याच्या बरोबर उलट. जितकं गुंतून राहाल तितकं समाधान. तुमच्या नणंदबाई बघा, किती उत्साही! तुम्हीपण एखाद्या गटात जा ना. समूहगायन आहे, पोहणं आहे..."

"मला पोहायला यायचं नाही. मला आहे तसंच राहायचंय."

"तो तिसरा," ती म्हणाली. "जे आयुष्यभर केलं तेच पुढं चालू ठेवणं. पण काकू, त्यात एक धोका असतो. बदल नाकारण्याची वृत्ती..."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. काहीही बोलले तरी या पोरीकडं त्याला एक खण तयार. गप्प बसले तर पहिला, हातपाय हलवले तर दुसरा, आणि मला माझ्या घरात राहू द्या म्हटलं तर तिसरा, तोही धोक्यासकट. साठ वर्षांपूर्वी मी लाजाळू होते. तेव्हा लोक म्हणायचे, मुलगी शांत आहे. आता त्याच गप्प बसण्याला शेरा मिळतो.

"ते सगळं राहू दे बाई," मी म्हटलं. "तू परत ये. दहानंतर कधीही ये. विचारशील त्याचं उत्तर देते."

तिनं वही चाळली. "फेरपाहणी त्याच वेळी, त्याच परिस्थितीत करावी लागते. नाहीतर तुलना होत नाही. गुरुवारी साडेआठ?"

"साडेआठला मी बोलत नाही म्हणून तर हे झालं!"

"म्हणूनच," ती समजुतीनं म्हणाली, "त्याच वेळी बोललात तर फरक दिसेल."

मी वर आले आणि कपाळाला हात लावून बसले. वन्संनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या म्हणाल्या, "मग बोल एक दिवस! तुझा देव काय तेवढ्यासाठी घर सोडून जाणारे?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं. मी सक्रिय ना!"

दोन दिवस मी विचार केला. खरं सांगायचं तर मला स्वतःचं फारसं काही वाटत नव्हतं. शांत निवासात माझं भागलं असतं. एक खोली, एक खिडकी, माझी माळ. पण वन्संचं काय? दूधवाला काय म्हणतो, डॉक्टर काय म्हणतात, खालचा कारकून काय म्हणतो, हे त्यांना कोण सांगणार? त्या बोलत राहतील, लोक हसून मान डोलावतील, आणि वर्षभरात एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. बरं, हेच कारण कार्यालयात सांगावं तर त्यांचं गुपित फुटतं. कान गेलेत हे कळलं की त्याही सक्रिय उरत नाहीत, त्यांना कुठल्या तिसऱ्याच निवासात टाकतील. शेवटी बुधवारी संध्याकाळी मी देवाला सांगून टाकलं की उद्या अर्धा तास बोलणार आहे, तू तुझं काय ते समजून घे.

गुरुवारी ती बरोबर साडेआठला आली. मी खूण केली तशी वन्संनी दार उघडलं आणि लगेच सुरुवात केली. "ये गं, बस. पंखा लावू? आमचा पंखा म्हणजे वारा कमी, आवाज जास्त..." तो आवाज त्यांनी शेवटचा कधी ऐकला होता कोण जाणे.

मुलीनं फॉर्म काढला. म्हणाली, "आजी, तुम्ही जरा गॅलरीत बसाल का? काकूंची उत्तरं त्यांच्याच तोंडून हवीत."

पण तेव्हा ती पिशवीत पेन शोधत होती, मान खाली, आणि वन्सं माझ्याकडे पाठ करून तिला उशी देत होत्या. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. "आणि लिफ्टचं म्हणशील तर," त्या चालूच होत्या, "महिना झाला..."

"आजी, गॅलरीत."

"...महिना झाला, नुसता कागद चिकटवलाय दाराला..."

"आजी!" आता ती खरंच ओरडली. वन्सं उशी थोपटत होत्या. मुलगी थांबली. हातातलं पेन तिनं मुद्दाम फरशीवर टाकलं. खणकन वाजलं. वन्संनी मान वर केली नाही.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा फॉर्म, वन्संचा, पिशवीतून अर्धा बाहेर काढला.

आणि मी बोलले. आठ चाळीसला, नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं मी हळूच बोलतेय.

"त्यांना ऐकू येत नाही. अजिबात नाही. मी ओठांनी सांगते ते त्या वाचतात. त्या दिवशी तुझे सगळे प्रश्न त्यांच्यापर्यंत माझ्या ओठांवरून गेले. तू त्याला अनैच्छिक हालचाल लिहिलंस. आता दोघींना वेगळं केलंत तर यांच्यासाठी सगळं जग मुकं होईल, आणि त्यासाठी तुझ्या फॉर्ममध्ये रकाना आहे का, ते आधी बघ!"

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागं, वन्संकडे बघत होती. तिच्या पाठीमागच्या आमच्या कपाटाला आरसा आहे. वन्सं पंखा लावायला माझ्या मागं गेल्या होत्या, मी त्यांच्याकडे पाठ ठेवली, आवाज हळू ठेवला, म्हटलं झालं. वाचनालयातली जुनी सवय, हळू बोललं की कुणाला कळत नाही. पण वन्संच्या बाबतीत हळू काय आणि मोठ्यानं काय! आरशात माझे ओठ दिसत होते. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं होतं.

"वा," वन्सं म्हणाल्या. "छान बोललीस. दात दिसत होते."

त्या गॅलरीत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि डोळे मिटले.

वन्संनी डोळे मिटले की संपलं. दुसऱ्या कुणावर रागावलं माणूस तर निदान ऐकू तरी येतं त्याला. बाहेरून माफी मागता येते, दार वाजवता येतं. इथं दोन पापण्या खाली आल्या की सगळी कवाडं बंद.

मुलीनं एकदा गॅलरीकडे बघितलं. मग तिनं वन्संचा फॉर्म पिशवीत परत ढकलला. "आज मी फक्त तुमच्यासाठी आलेय," म्हणाली. "त्यांचं मी काही बघितलं नाही." मग कपाळ चोळत म्हणाली, "काकू, असा रकाना नाहीच. एक बोलते ती दुसरीच्या जिवावर, असं कुठं लिहू? फॉर्म एका माणसाचा असतो. आणि एका शेऱ्यासाठी समिती बसत नाही."

"मग काय करायचं?"

तिनं बोटांवर हिशेब केल्यासारखं केलं. "या इमारतीत मी चौदा जणांना विलग लिहिलंय. चौदाही जणांकडे दहाच्या आत गेले होते. दुपारी मला दुसऱ्या इमारती असतात." मग म्हणाली, "घड्याळं दुरुस्त करायचे ते आजोबा आहेत ना दुसऱ्या मजल्यावर, ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी लिहून मोकळी झाले. आता वाटतंय, त्यांच्या तोंडात त्या वेळी दात तरी होते का?"

मला हसू आलं. रागातसुद्धा आलं.

"दहा जणांचे स्वतःच्या अक्षरातले आक्षेप आले, कारणासकट, तर पाहणीची वेळच चुकली असं धरतात. मग सगळी यादी रद्द होते आणि पाहणी पुन्हा होते. शनिवारी दुपारपर्यंत खाली द्यावे लागतील. मी वाटू शकत नाही, माझ्याच कामावरचा आक्षेप मी कसा वाटणार." तिनं कोऱ्या अर्जांचा एक गठ्ठा उशीवर ठेवला आणि मला नमस्कार करून निघून गेली. जाताना दार हळू लावून घेतलं. पंधरवड्यात माझ्याशी कुणी हळुवारपणे वागलं असेल तर तेवढंच.

मी गॅलरीत गेले. वन्संच्या खुर्चीच्या हातावर टकटक केलं. पापणी हलली नाही. गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी गुडघा बाजूला घेतला. मी खाली बसले. मांडीवर माळ होती, पण जप सुचेना. मनात नुसतं येत होतं, अहो बाई, तुमच्यासाठी नऊ वर्षांचा नेम मोडला, आणि तुम्ही मला साधं 'चुकलं' म्हणायलाही जागा ठेवत नाही! एकोणऐंशी वर्षांची बाई, आणि रुसवा सहा वर्षांच्या पोरीचा.

अकरा वाजले, बारा वाजले. मी जेवण वाढलं, त्या आल्या नाहीत. मग मीही जेवले नाही. एक वाजता मी परत गॅलरीत डोकावले, तेव्हा त्यांचा एक डोळा किलकिला होता. मी अजून तिथं आहे का ते बघत होत्या.

मी ती फट सोडली नाही. समोर जाऊन उभी राहिले. "चुकलं माझं," ओठ मोकळे सोडून म्हटलं.

"आवाजानं म्हण."

"तुम्हाला कुठं ऐकू येणारे?"

"मला नाही, शेजारच्यांना ऐकू जाऊ दे. इतके दिवस मी बोलते आणि तू भली, असं समजतात सगळे."

"चुकलं माझं!" मी म्हटलं. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई वळून बघायला लागल्या.

वन्सं जराशा सैलावल्या. मग आवाज खाली आणून, म्हणजे त्यांच्या मते खाली आणून, म्हणाल्या, "कान गेले याची लाज नाही गं मला. गिरणीत सगळ्यांचेच गेले. पण एकदा कळलं ना लोकांना, की माझ्याकडे बघायचे बंद होतात. माझ्याबद्दल दुसऱ्याला विचारतात. यांना चहा चालतो का, यांना बरं आहे का. मी समोर बसलेली असते."

 त्यांच्या वाटचं मीच बोलत आले होते की.

"ती पोरगी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. चौदा जण, दहा आक्षेप, शनिवार. त्या ताडकन उठल्या. "दे ते कागद. मी जाते. एकेकाला..."

"आणि ते काय उत्तर देतात ते?"

त्या परत खाली बसल्या. मला वाईट वाटलं तसं बोलल्याचं. म्हटलं, "मी जाईन."

"तू?" वन्सं हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. "तुझा आवाज आपल्या उंबऱ्याबाहेर जात नाही. तू दार वाजवून 'नको असेल तर राहू दे' म्हणून परत येशील."

"दहाच्या दहा आणीन. वचन देते. मला वाचनालयात उशिरा पुस्तकं परत करणाऱ्यांनी घाबरवलेलं नाही, तर हे काय घाबरवतील?"

"आणि मी?"

"तुम्ही आधी जेवा. मग खाली जाऊन त्या कारकुनाचं डोकं खा. शनिवारपर्यंत तो खिडकी लवकर बंद करणार नाही एवढं तुमच्याकडे."

हे त्यांना पसंत पडलं. दोघी जेवलो. अन्न गार झालं होतं आणि आमटीला मीठ कमी होतं, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तीन वाजता मी तोंड धुतलं, चष्मा पुसला, अर्जांचा गठ्ठा आणि दोन पेनं पिशवीत घातली. लिफ्टच्या दाराला कागद चिकटवलेलाच होता. कठड्याला धरून मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताचं दार बंद होतं. आतून कितीतरी घड्याळांची टिकटिक येत होती. मी पदर सारखा केला आणि दार वाजवलं. कुणी आलं नाही. मग जरा मोठ्यानं वाजवलं.